बुढीले रोवू द्या

नर्स म्हटलं की लोक बाळंतपणाचे किस्से ऐकायला सरसावून बसतात. माझ्याजवळ त्यांचा तोटा नाही. बैलगाडीत झालेलं बाळंतपण आहे, आठवडी बाजारात मिरचीच्या ढिगाआड झालेलं आहे, आणि ज्यात बाळंतिणीपेक्षा नवऱ्यालाच जास्त कळा आल्या असंही एक आहे. पण हे सगळं मी इतक्यांदा सांगितलंय, की घरची माणसं आता माझ्या आधीच पुढचं वाक्य म्हणून मोकळी होतात. म्हणून या दिवाळीला पाळण्यातली मंडळी राहू देत. मी म्हाताऱ्यांबद्दल लिहिते. खरं तर म्हातारी माणसं माझ्या कामात येतच नव्हती. ती आपल्या पायांनी आली आणि मला पुरून उरली.

स्वातंत्र्य मिळून चार-पाच वर्षं झाली असतील. देवरीच्या वाटेवर, एका मोठ्या तलावाच्या काठच्या गावात सरकारी दवाखाना होता. तेव्हा गोंदिया जिल्हा नव्हता. आम्ही भंडाऱ्यात, आणि भंडारा मध्य प्रदेशात. त्यामुळे डॉक्टर जबलपूरकडचे, नर्स वर्ध्याकडची आणि रोगी झाडीपट्टीतले, असा आमचा संसार होता. डॉक्टरसाहेब हिंदी बोलत, मी आमच्याकडचं मराठी बोले, आणि समोरचा माणूस झाडीबोलीत सुरू होऊन मध्येच पोवारीत किंवा गोंडीत शिरे. पोट दुखतं, ताप येतो, एवढं हाताच्या खुणांनीही कळतं. मन लागत नाही, हे सांगायची वेळ आली की तिघांचीही पंचाईत.

दवाखान्याची तेव्हाची रीत आजच्यांना ठाऊक नसेल. औषधाची बाटली रोग्याने घरून आणायची. कंपाउंडर तीत मिक्श्चर भरून बाहेरून कागदाची खाचा कातरलेली पट्टी चिकटवी. एक खाच म्हणजे एक डोस. औषध कडू लागलं तर डॉक्टर हुशार. चुकून गोड लागलं तर माणूस परत येऊन भर गर्दीत विचारी, “पाणीच देल्लं का जी?” रिकाम्या हाताने रोग्याला घरी पाठवणं हा तर अपमानच समजला जाई. हे लक्षात ठेवा, कारण पुढे आम्ही नेमकं तेच केलं.

म्हातारं माणूस विसरायला लागलं की त्याला म्हातारचळ लागला म्हणायचं आणि विषय संपवायचा, अशी सगळीकडचीच पद्धत होती. जेवल्यावर पुन्हा जेवायला मागितलं की पोरं हसत. सुनेला मुलीच्या नावाने हाक मारली की सगळे हसत. एके दिवशी ते माणूस कोपऱ्यात तोंड करून बसे आणि बोलेनासं होई. मग घरचे म्हणत, चला, शांत झालं. ते शांत झालेलं नसे, ते खचलेलं असे. आपल्या हातून काहीतरी निसटतंय हे त्याला कळत असतं, आणि काय निसटतंय ते आठवत नसतं. हे शहाणपण मला पुस्तकातून आलेलं नाही. ते एका म्हातारीने आणि तिच्या सुनेने मला दिलं, तेही चुकून.

म्हातारीचं नाव भागरताबाई. पौषाच्या थंडीत तिचा मुलगा दशरथ तिला गाडीत घालून घेऊन आला. दहा-बारा बांध्यांची, म्हणजे बांध घातलेल्या तुकड्यांची, धानाची शेती, बायको, दोन मुलं आणि ही विधवा आई, एवढं त्याचं घर. म्हातारी हाडापेराने मजबूत होती, पण मान खाली, नजर मातीत, आणि घास तोंडात दिला तर तसाच गालात धरून ठेवायची. दशरथने सांगितलं की गेल्या पावसाळ्यापासून तिला विसर पडायला लागला. शेतात चुका व्हायला लागल्या, एकदा घरची वाटच सापडेना. म्हणून त्याने प्रेमाने सांगितलं, माय, आयुष्यभर खपलीस, आता घरी बस, आराम कर. तेव्हापासून ती आराम करत होती, आणि दिवसेंदिवस वाळत चालली होती.

डॉक्टरसाहेबांनी तपासलं. छाती चांगली, नाडी चांगली. त्यांनी शक्तीचं मिक्श्चर दिलं, झोपेचं औषध दिलं आणि वर आणखी आराम सांगितला. परिणाम असा झाला, की म्हातारी दिवसाही झोपू लागली आणि जागी झाली की आधीपेक्षा जास्त हरवल्यासारखी बघू लागली. दशरथ दर बाजाराच्या दिवशी तिला घेऊन येई आणि रिकामी बाटली पुढे करी.

एकदा आला तो फार वाईट चेहऱ्याने आला. आदल्या दिवशी घरातल्यांचा डोळा चुकवून म्हातारी तलावावर गेली होती आणि गुडघाभर पाण्यात उभी सापडली होती. आता तर घरात कोणीतरी असतं, आषाढ लागला की लहानथोर सगळे शेतात, दाराला कुलूप. तेव्हा काय करायचं? तो मला म्हणाला, “बाई, कोंडून ठेवू का बांधून ठेवू, तुम्हीच सांगा.” लोकांनी त्याला नागपूरच्या पागलखान्याचा रस्ता सुचवला होता. आषाढाच्या आत फरक पडला नाही तर तिथे नेऊन सोडायचं, असं त्याने मनाशी ठरवलं होतं. हे सांगताना तो रागावल्यासारखा बोलत होता आणि डोळे मात्र पुसत होता. मला त्याचा राग आला नाही. मी त्याच्या जागी असते तर काय केलं असतं, हे मला आजही सांगता येणार नाही.

त्या दिवशी डॉक्टरसाहेबांनी बाटली बाजूला ठेवली. खुर्चीवरून उठून ते चक्क जमिनीवर म्हातारीसमोर बसले आणि विचारलं, “अम्मा, क्या चाहिए तुमको?” मान वर न करता ती म्हणाली, “मले रोवण्याले जाऊ द्या.”

डॉक्टरसाहेबांचा चेहरा एकदम मऊ झाला. ते मला बाजूला घेऊन म्हणाले, बघा, बिचारी रडायलासुद्धा परवानगी मागते. मनात काहीतरी दाबून बसली आहे. हिला रोने दो, मन हलकं होईल. मलाही ते पटलं. मी त्या हिवाळ्यातच बदलून आले होते, आणि इथे ‘रोने’ला ‘रोवणे’ म्हणत असतील, असं मी धरून चालले. डॉक्टरसाहेबांना तेव्हा मराठी बोलायची नवी हौस लागली होती. त्यांनी दशरथच्या खांद्यावर हात ठेवून ठणठणीत मराठीत सांगितलं, “दवा बंद. इनको रोवू द्या. रोज रोवू द्या. कोणी रोकू नका.”

दशरथ त्यांच्या तोंडाकडे बघतच राहिला. “या दिवसात?” त्याने विचारलं. डॉक्टरसाहेब म्हणाले, त्याला दिवस कशाला बघायचे, आजपासूनच सुरू करा. रिकामी बाटली आणि रिकामं डोकं घेऊन तो बिचारा गाडी जुंपून घरी गेला.

त्यानंतर माझ्या वाट्याला एकापाठोपाठ बाळंतपणं आली. नागझिऱ्याच्या बाजूच्या गावांना जाताना गाडीवान वाघाच्या भीतीने मोठमोठ्याने गात राही आणि त्याच्या आवाजाच्या भीतीने मी कानात बोळे घाली. भागरताबाईची आठवण येई, पण तिच्या गावाकडे जायला फाल्गुन उजाडला. मनाची तयारी करून गेले होते, की एक रडणारी म्हातारी बघायची आहे.

दारात तिची सून पारबता तांदूळ निवडत होती. ठेंगणी, काळीसावळी, जिभेने फटकळ. मी हलक्या आवाजात विचारलं, “रडल्या का गं सासूबाई? रोज रडतात का?”

“रडतीन कायले?” पारबता म्हणाली. “रोवून राहिली न. मागं पाहा.”

मागे विहिरीजवळ, जिथे सांडपाणी वाहून जाई, तिथे चार खाटा मावतील एवढ्या जागेला मातीचा बांध घातला होता. आत घोटाभर चिखल होता. त्या चिखलात लुगडं खोचून, कमरेत वाकून, मागे मागे सरकत भागरताबाई धानाची रोपं लावत होती. एका हातात जुडी, दुसऱ्या हाताची बोटं भराभर चालत होती. तोंडाने ती काहीतरी गुणगुणत होती. मला बघून तिने मान वर केली आणि धाकट्या भावजयीला म्हणावं तसं म्हणाली, “उभी काऊन? ये, चिखलात उतर.”

वाचकांतल्या धानवाल्यांना हसू आवरत नसेल, पण कापूस-ज्वारीवाल्यांसाठी सांगायलाच हवं. इकडे पावसाच्या तोंडावर धानाची रोपं आधी एका जागी दाट वाढवतात. त्यांना परे म्हणतात. मग ते उपटून, जुड्या बांधून, चिखल केलेल्या बांधीत एकेक करून लावायचे. परे उपटून जुड्या टाकायचं काम गड्यांचं, लावायचं बायांचं. या लावणीला म्हणतात रोवणा. भागरताबाई तिच्या गावातली रोवण्याची मुखिया होती. ओळीत सगळ्यांत पुढे तिचा हात, गाणं उचलायचं तिने, कोणाची ओळ वाकडी झाली तर ओरडायचं तिने. ती रडायला मागतच नव्हती, ती कामावर जाऊ द्या म्हणत होती.

पारबताने मग सगळी कथा सांगितली. नवरा घरी येऊन म्हणाला, डॉक्टर म्हणते बुढीले रोवू द्या. त्याच्या मते डॉक्टर वेडा होता, कारण माघात कोण रोवणा करतं? पण पारबता म्हणाली, डॉक्टरने सांगितलं तर करून पाहू, कडू औषध पाजता येते तर चिखल करता येत नाही काय. पहिल्या दिवशी तिने सासूच्या हातात गवताची जुडी दिली. सासूने ती नाकाशी नेली आणि सुनेच्या अंगावर फेकली. मग वाडीतली कांद्याची रोपं दिली. तीही फेकली, वर म्हणाली, मले बावरी समजते का? पारबता म्हणाली की अंगावर कांदे पडले आणि मले हासू आलं, कारण चार महिन्यांत बुढी एवढी बोलली नव्हती. मग तिने बियाण्याचं धान भिजत घातलं, विहिरीजवळ परे वाढवले आणि चिखल करून दिला.

मी दवाखान्यात परतल्यावर डॉक्टरसाहेबांना हे सांगितलं. आधी त्यांना काही कळेना, मग कळलं, आणि ते इतके हसले की कंपाउंडर धावत आत आला. “मैंने रोने को कहा, उन्होंने रोवने को सुना,” ते पुन्हापुन्हा म्हणत राहिले. पण माणूस मोठा. दुसऱ्याच दिवशी सायकल काढून ते तो चिखल बघायला गेले, आणि तेव्हापासून खचलेलं म्हातारं माणूस समोर आलं की जीभ बघण्याआधी विचारू लागले, तुम्ही काम काय करायचा?

आता अडचण अशी होती, की तेवढीशी बांधी भागरताबाई एका सकाळीच रोवून टाकी. मग दुपारी पुन्हा कोपरा धरी. यावर पारबताने एक युक्ती काढली, आणि मीही तिला मान डोलावली. सासू झोपली की पारबता सगळे परे उपटून जुड्या बांधून ठेवी. सकाळी पुन्हा चिखल कोरा, पुन्हा रोवणा. तसंही तिला कालचं आठवत नाही, असा आमचा हिशेब होता.

तो हिशेब चुकला. एका सकाळी भागरताबाई बांधीच्या कडेला उभी राहून गरजली, “माहे परे कोण उपटते?” कालचं तिला आठवत होतं की नाही देव जाणे, पण उपटून पुन्हा लावलेलं रोप मलूल दिसतं, हे तिच्या नजरेतून सुटणार नव्हतं. तिने शेजाऱ्यावर संशय घेतला, शेजाऱ्याच्या बकरीवर घेतला, आणि शेवटी खाट उचलून विहिरीजवळ राखणीला जाऊन बसली. पारबताने उपटणं बंद केलं. आणि गंमत बघा, राखण हेच तिचं काम झालं. कोंबड्या हाकायच्या, बकरीला शिव्या द्यायच्या, पाणी कमी झालं की सुनेला हाक मारायची. भूक लागे, तेव्हा खाटेवर बसून भात खाई. संध्याकाळी शेजारच्या बाया पाण्याला आल्या की तिच्या चिखलाजवळ टेकत, आणि जुनं गाणं कोणी चुकीचं उचललं तर ती ते सुधारून देई. झोपेच्या औषधाची गरज कोणाला आठवलीच नाही.

उन्हाळ्यात आम्ही हा प्रकार इतरांवरही करून बघितला. आमगावकडच्या एका निवृत्त गुरुजींना त्यांच्या मुलाने घरातल्या नातवंडांची हजेरी घ्यायला लावली. गुरुजी खूश, नातवंडं मात्र दुपारची पळून जाऊ लागली. एका गोंड म्हाताऱ्याला दोर वळायला दिला, तर त्याने एवढा दोर वळला की घरचे म्हणाले, आता बैल आणून द्या. पण सगळीकडे जमलं असं म्हणणार नाही. दंडारीत, म्हणजे इकडच्या लोकनाट्यात, उभा जन्म ढोलकी वाजवलेला एक म्हातारा होता. मी मोठ्या हौसेने त्याच्यासमोर ढोलकी ठेववली. त्याने तिच्यावर हात फिरवला, बोटं ठेवली, आणि ती पूर्वीसारखी चालेनात म्हणून लहान मुलासारखा रडला. मग मी त्याला काही करायला लावलं नाही, गेले की नुसती जवळ बसे. तो पावसाळ्याआधीच गेला. त्याच्यासाठी दुसरं काय करता आलं असतं, हे कोडं मला अजून सुटलेलं नाही.

आषाढ लागला. भागरताबाई खात होती, बोलत होती, भांडत होती. पण विसर होताच. दशरथला ती कधी गडी समजे, कधी आपला दीर. तलावाची वाटही तिने सोडलेली नव्हती. घर ओस पडायची वेळ आली आणि दशरथ दवाखान्यात आला. नागपूरचं त्याने पक्कं केलं होतं. सोबत एक बाई हवी म्हणून डॉक्टरसाहेबांनी मला जायला सांगितलं. गोंदियाहून दुपारची गाडी पकडायची होती. मी हो म्हटलं. आदल्या रात्री मला जेवण गेलं नाही.

सकाळी पिशवी घेऊन पोचले तर दशरथ अंगणात एकटाच, घर रिकामं. तो बैल धुवायला तलावावर गेला होता, तेवढ्यात पारबता सासूला घेऊन निघून गेली होती. कुठे ते सांगायला शेजारीण होती: शेतावर. दशरथ तावातावाने निघाला, मी लुगडं सावरत त्याच्या मागे.

धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, बघितलं तर बांधीत बायांची ओळ लागली होती आणि मधोमध भागरताबाई वाकलेली होती. दोन्ही बाजूंना दोन बाया तिची ओळ सांभाळून घेत होत्या. तिचा हात चुकला तर शेजारची न बोलता नीट करी. दशरथ बायकोवर ओरडला, की गाडीची वेळ झाली, हे काय मांडलंस? पारबताने कंबर सरळ केली आणि चिखलाचे हात तसेच ठेवून म्हणाली, “घरी कोणी नाही म्हणून नेता न तिले? इथं तं समदे आहेत.”

दशरथ धुऱ्यावर तसाच उभा राहिला. तेवढ्यात भागरताबाईने मान वर केली. तिच्या हातातली जुडी संपली होती, आणि समोर एक धडधाकट गडी रिकाम्या हाताने उभा होता.

“उभा काऊन राहिला रे?” ती खेकसली. “परे टाक.”

लहानपणापासूनची सवय, त्याने वाकून जुडी उचलली आणि फेकली. पण डोळ्यांत पाणी असल्यामुळे असेल, जुडी आधीच लावलेल्या रोपांवर जाऊन पडली. भागरताबाईने ती उचलली, आडवी झालेली रोपं बोटांनी सरळ केली आणि दशरथकडे निरखून बघितलं. ओळखीची खूण तिच्या चेहऱ्यावर कुठेच नव्हती.

“कोणाचा पोरगा होय तू? तुह्या मायनं शिकवलं नाही काय तुले?”

बायांचे हात थांबले. मला वाटलं, तो आता आपलं नाव सांगेल. त्याने धोतर वर खोचलं, चिखलात उतरला आणि दुसरी जुडी उचलली.

“शिकवून राहिली न, माय,” तो म्हणाला.

“मंग नीट टाक,” ती म्हणाली आणि पुन्हा वाकली. दुपारची गाडी त्या दिवशी आमच्याविनाच नागपूरला गेली.